सबसे भारी

मंजूषा दामलेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच ठरवलं होतं, की हिच्याशी आपलं जमायचं नाही. आणि माझे असले अंदाज सहसा चुकत नाहीत.

नवऱ्याची बदली झाली म्हणून ती पुण्याहून भोपाळला आलेली. मिलिंद दामले सरकारी कारखान्यात इंजिनिअर, सज्जन आणि मुका. घरातलं सगळं बोलणं बायकोनं आपल्याकडे घेतलं होतं आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार दिसली नाही. मुलगी अदिती तेव्हा दहावीत होती. तिला कथकची आवड, म्हणून जवाहर चौकात दुकानांच्या वर शैलेंद्र सरांचा क्लास आहे तिथे तिला घातलं. त्या क्लासमध्ये मी हार्मोनियमवर लेहरा धरते. लेहरा म्हणजे सुरांची एकच ओळ, ती तासभर न कंटाळता फिरवत ठेवायची, म्हणजे नाचणारीला आपण तालात कुठे आहोत ते कळतं. काम कंटाळवाणं आहे. पण हात चालू आणि डोळे रिकामे असले की माणसाला बरंच काही दिसतं.

आम्ही ग्वाल्हेरचे. तीन पिढ्या हिंदी मुलखात काढल्यावर मराठीचं जे व्हायचं ते आमचं झालंय. मी ओळख करून द्यायला म्हटलं, "मी तुळशीनगरात राहून राहिली, सरकारी क्वार्टरमध्ये." तर ही बाई हसली आणि म्हणाली, "राहून राहिली! किती गोड! आमच्याकडे नुसतं 'राहते' म्हणतात हो." त्या दिवसापासून ती मला भेटली की माझी मराठी धुऊन वाळत घालायची. मी 'चाबी' म्हटलं की ती 'किल्ली', मी 'सब्जी' म्हटलं की ती 'भाजी'. बरं, हिचं स्वतःचं हिंदी काय? भाजीवाल्याला म्हणायची, "भैया, ये भेंडी जून है क्या?" तो बिचारा कॅलेंडर आठवत बसायचा.

तर एक दिवस बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात ही मला भेटली. दुधी निवडत होते मी. ती लांबूनच ओरडली, "मनोरमाताई! कळलं का तुम्हाला? शैलेंद्र सर काय म्हणाले आमच्या अदितीबद्दल?"

मला कुठून कळणार? आदल्या दिवशी क्लासात वार्षिक कार्यक्रमाचे कपडे अंगाला लावून बघायचे होते, आणि त्याला लेहरा लागत नाही, म्हणून मी गेलेच नव्हते.

"जिन्यात मला थांबवून म्हणाले," मंजूषानं आवाज खाली घेऊन सरांची नक्कल केली, "'आपकी बिटिया तो सबसे भारी है. इसके बारे में कुछ सोचिए.' सबसे भारी! एवढ्या मुलींमध्ये! मी काल तिथूनच मिलिंदला फोन करून म्हटलं, आता खरंच विचार करायला हवा. शिष्यवृत्ती, मोठे गुरू, दिल्ली. सर उगाच नाही म्हणायचे."

माझ्या हातातला दुधी तसाच राहिला.

शैलेंद्र सरांना मी अनेक वर्षं ओळखते. त्या माणसाच्या तोंडून कौतुकाचा एकच शब्द निघतो, तो म्हणजे "ठीक है". कोणी प्राण ओतून नाचलं तर "हाँ, ठीक है". आणि भारी हा शब्द ते एकाच अर्थानं वापरतात, ज्या अर्थानं कुली वापरतो. सर मुलीच्या कंबरेकडे बघतात, मग खुंटीवरच्या अंगरख्याकडे बघतात, आणि म्हणतात, "भारी हो गई हो."

त्या अंगरख्यांची गोष्ट सांगायलाच हवी. कधीतरी कुठल्याशा महोत्सवासाठी सरांनी जरीचे अंगरखे शिवून घेतले होते. त्या वेळच्या मुली काटकुळ्या होत्या की शिंप्याला कापड वाचवायचं होतं, देव जाणे. पण तेव्हापासून तेच अंगरखे. मुली येतात, मोठ्या होतात, लग्न करून जातात, अंगरखे तेच. जगात सगळीकडे माणसाच्या मापानं कपडा बेततात, आमच्या क्लासात कपड्याच्या मापानं मुली बेततात. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण ज्यानं केली त्यानं शैलेंद्र सरांना पाहिलं नव्हतं. इथे अंगरखा होईना म्हणून नाचणारीच वाकडी ठरते. आणि हे सांगणारा माणूस कसा? रोज संध्याकाळी क्लासच्या आधी खालच्या दुकानातून कचोरी मागवणारा, ज्याचा कुर्ता पोटावरून पुढे येऊन मग कुठे खाली वळतो!

"मंजूषा," मी म्हटलं, "हिंदीत भारी म्हणजे जड. वजनानं जड. सर कपड्याबद्दल बोलले असतील."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी तिच्या पिशवीत सडका टोमॅटो टाकला.

"ताई, मराठी मला नका शिकवू."

"अगं, मराठी नाही, हिंदी..."

"आणि हिंदीतसुद्धा असतं. 'सब पर भारी' म्हणतात की! सगळ्यांना पुरून उरणारी. मी ऐकलंय टीव्हीवर." मग ती थोडी मऊ झाली. माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "तुमच्या डोळ्यांसमोर इतक्या मुली नाचून गेल्या. एखादी एकदम पुढे गेली की वाटतं माणसाला. मी समजू शकते."

म्हणजे मी जळत होते! असा संताप आला, की दुधी तिथेच टाकला आणि पालक घेऊन घरी आले. पालक आमच्याकडे कोणी खात नाही.

मग काय, गावभर डंका. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात, सोसायटीच्या गच्चीवर, फोनवर पुण्याच्या नणंदेला, सगळीकडे 'सर म्हणाले, सबसे भारी'. अदितीच्या वाढदिवसाला तिनं केक मागवला, त्यावर गुलाबी अक्षरात 'आमची भारी अदिती' लिहून घेतलं. मी होते त्या समारंभाला. अदितीनं केक कापला. सगळ्यांना भरवला. तिला भरवायला आई पुढे आली तेव्हा ती म्हणाली, "आई, आज गुरुवार ना, उपास." आणि मंजूषानं त्या केकवरची अक्षरं आम्हाला दाखवत अभिमानानं सांगितलं, की पोरगी इतकी श्रद्धाळू आहे, वाढदिवसालासुद्धा उपास सोडत नाही.

त्या केकवरचं एक अक्षर माझ्या ताटलीत आलं होतं, 'भा'. मला ते गिळवेना.

त्या मुलीचे उपास मी मग नीट पाहायला लागले. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, चतुर्थी गणपतीची, मधल्या रिकाम्या दिवशी एकादशी नाहीतर प्रदोष. तेहतीस कोटी देव त्या पोरीनं कामाला लावले होते. आपल्याकडे उपास म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, दाण्याची आमटी, वर शिकरण. ही मात्र पाणी पिऊन राहायची. आणि भक्ती म्हटली की आपल्या लोकांची वाचाच बसते. मुलगी जेवत नाही म्हटलं तर घरात आरडाओरडा होईल, मुलगी उपास करते म्हटलं तर शेजारीपाजारी नमस्कार करतात. ही युक्ती त्या पंधरा वर्षांच्या डोक्यात कुठून आली कोण जाणे, पण आमच्या सगळ्यांच्या अकलेचं माप तिनं बरोबर घेतलं होतं.

ज्या दिवशी कुठलाच देव रिकामा नसायचा त्या दिवशी डबा. मंजूषा डबा द्यायची हे खरं, आणि चांगला द्यायची. थालीपीठ, लोणी, कधी मटकीची उसळ. क्लासच्या खाली चौकात एक तांबडी गाय फिरते. मी जिन्यातून उतरत होते आणि पाहिलं तर अदिती दुकानाच्या आडोशाला उभी राहून गाईला थालीपीठ भरवत होती. गाय एखाद्या घरच्या माणसासारखी तिच्या खांद्याला नाक लावून उभी. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, इथे गाय खात होती एवढाच फरक. गाय चांगली गुटगुटीत झाली होती. मुलीच्या मनगटाची हाडं मात्र बांगडीतून वर आली होती.

"काय करून राहिलीस?" मी विचारलं.

ती दचकली. डबा पाठीमागे गेला. "काकू, ते... गोमाता..."

"गोमातेला सांगू नको मला. किती दिवसांपासून देऊन राहिलीस डबा?"

तिचे डोळे भरले. मला रडणाऱ्या मुली आवडत नाहीत, पण ही रडायचं दाबत होती, आणि ते जास्त वाईट.

"काकू, प्लीज, आईला मत सांगा."

"का नको? तुला चक्कर येते ना? परवा जिन्यात कठडा धरून उभी होतीस, मी पाहिलं नाही का?"

"सरांनी मला भारी म्हटलं. सबके सामने म्हटलं होतं आधी, ट्रायलला. अंगरख्याची नाडी बसेना तेव्हा. सगळ्या हसल्या. मग खाली जिन्यात आईला पण म्हटलं." तिनं नाक पुसलं. "आणि आई इतकी खूश झाली, काकू. इतकी. तिनं बाबांना फोन केला तिथूनच. मी काय सांगणार होते तिला? की तुला समजलंच नाही? सगळ्यांना सांगून बसली ती. अब सगळे हसतील तिच्यावर."

"म्हणून तू उपाशी मरणार?"

"नाही ना. सर म्हणाले, अंगरखा बसला तर बीच में खड़ा करेंगे. मी बीच में उभी राहिले ना, की आईचं खरं होईल. मग कोणी नाही हसणार."

मी आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा पाहिला आहे, त्यातला बराचसा सरकारी नोकरीतल्या माणसांचा, पण इतका प्रेमळ मूर्खपणा पाहिला नव्हता. आईचं भारी खरं व्हावं म्हणून मुलगी हलकी होत होती. आणि आई रोज सकाळी वेणी घालताना तिला म्हणत होती, "काय भारी दिसतेस गं!"

मी वचनबिचन काही दिलं नाही. असली वचनं देणारी माणसं मला पसंत नाहीत. मी तशीच वर गेले आणि सरांना गाठलं. ते कचोरीवर चटणी ओतत होते.

"सर, दामलेंची मुलगी जेवत नाही. तिला चक्कर येते. तुम्ही तिला काहीतरी बोलला आहात." हे मी हिंदीतच बोलले, शुद्ध हिंदीत, माझी हिंदी कोणी धुऊन वाळत घालत नाही.

"मनोरमा जी," सर म्हणाले, "मंच पर सुंदरता देखने लोग आते हैं. थोड़ा तप तो करना पड़ता है."

"आणि हे कोणतं तप?" मी कचोरीकडे बोट केलं.

"हम तो अब सिखाते हैं, नाचते थोड़े ही हैं. आप लेहरा सँभालिए."

बरं, म्हटलं, सँभालते. नाचायला पायात जोर लागतो हे ज्याला गुरू होऊन कळलं नाही त्याला हार्मोनियमवाली काय सांगणार? एकच तुकडा तीनदा नाचून समेवर यायचं, त्या एका तिहाईला मुलगी जितकी ताकद खर्च करते तितकी हा माणूस आठवड्यात करत नसेल. वाढत्या वयाची पोरं, हाडं तयार होत असतात त्यांची. त्यांना डाळ लागते, दूध लागतं, अंडं चालत असेल तर अंडं, मूठभर दाणे, पोटभर पोळी. हे समजायला डॉक्टर व्हावं लागत नाही, घरात एक पोर वाढवलेलं असलं की पुरतं.

मग मंजूषाकडे गेले. या वेळी भारीचा विषयच काढला नाही. सरळ म्हटलं, "अदिती खात नाही. डबा गाईला घालते. मी डोळ्यांनी पाहिलं."

"गाईला घास घालते ती," मंजूषा म्हणाली. "आमच्याकडे पद्धत आहे."

"अख्खा डबा?"

"ताई, निष्ठा असते एकेकाची. आणि जरा बारीक झालीय तर काय वाईट दिसतंय? चेहरा कसा रेखीव झालाय बघा." मग मिलिंदकडे वळून, "हो की नाही?"

मिलिंद दामले वर्तमानपत्रातून वर पाहून म्हणाले, "बघू." त्या माणसानं आयुष्यात काय काय बघायचं ठेवलंय याची एक कपाटभर यादी निघेल.

मला जे हातात होतं ते मी केलं. पिशवीत चिक्की ठेवायला लागले, अदिती ती घ्यायची आणि खिशात घालायची. लेहऱ्याची लय मी चोरून खाली आणायला लागले. बोट एकेका सुरावर जरा रेंगाळू द्यायचं, की सगळंच थोडं सावकाश होतं आणि पोरीला श्वास घ्यायला जागा मिळते. सर लगेच ओरडायचे, "लय गिर रही है!" तबल्यावर दिलीप होता, तो माझ्याकडे बघून भुवया उडवायचा आणि पुन्हा ओढून न्यायचा. तबलजींना कधी दया आल्याचं मी ऐकलेलं नाही.

कार्यक्रमाच्या आधीची रंगीत तालीम, क्लासातच, तिथल्या बुटक्या मंचावर. सगळ्या मुली अंगरख्यात. आया खालच्या बाकांवर बसल्या होत्या, कोणी गजरे सोडवत, कोणी फोनवर. अदितीचा अंगरखा अखेर बसला होता. बगलेत अजूनही घट्ट आवळत होता, पण नाडी बांधली गेली आणि सर म्हणाले, "हाँ, ठीक है." आणि तिला मध्ये उभं केलं. मी त्या पोरीचा चेहरा पाहिला. ओठ पांढरे, आणि डोळ्यांत समाधान. मंजूषानं खालून फोन वर धरला होता. चित्रीकरण चालू होतं.

शेवटी गिरक्या होत्या, सरांच्या भाषेत चक्कर. लागोपाठ, एकाच जागी, जलद. अदिती सुरेख घेते गिरक्या, ते मी कबूल करते. पहिल्या काही सरळ गेल्या. मग तिचं डोकं मागे राहायला लागलं. नाचणारी गिरकीत नजर एका जागी बांधते आणि दर वेळी तिथेच परत आणते. हिची नजर परत येईना. ती कुठेतरी वर, पंख्याकडे गेली होती.

लेहरा कधी थांबत नाही. मुलगी चुको, तबला सुटो, वीज जावो, लेहरा चालूच राहतो, आम्हाला शिकवलंच तसं आहे. माझ्या गुरूंचा एकदा कपाळावर गांधीलमाशी बसलेली असतानाही सूर हलला नव्हता. मी हात उचलला आणि भाता बंद केला.

सगळं एकदम गप्प झालं. दिलीपचा हात हवेत राहिला. आणि त्या शांततेत अदिती खाली बसली. पडली नाही, बसली, पाय दुमडून, एखादं धुणं दोरीवरून सुटावं तशी.

मी हार्मोनियम ओलांडून धावले. मंजूषा खालून आली. सर आले ते माझ्याकडे.

"लेहरा क्यों रोका?"

"पोरगी पडत होती म्हणून."

"अरे, कुछ नहीं हुआ." सरांनी आयांकडे बघून हसू आणलं. "चक्कर लेगी तो चक्कर आएगा ही! पानी पिलाइए. और दामले जी, आप तो बधाई लीजिए. बड़ी मेहनत की है बच्ची ने. देखिए, कितनी हलकी हो गई है!"

मंजूषा मुलीला पाणी पाजत होती. ती थांबली. हळूहळू उभी राहिली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"क्या बोले आप?"

"हलकी हो गई है, कहा."

"हलकी?" ती इतक्या जोरात ओरडली, की खालच्या दुकानातून कोणीतरी वर डोकावलं. "मेरी लडकी हलकी? आप गुरू हो कि कोण हो? हमारे में ऐसा शब्द किसी की लडकी को नहीं बोलते! हलकी! चांगल्या घरची पोर आहे ती! तोंड सांभाळून बोला!"

मला सांगायला लाज वाटत नाही, मला मनापासून आनंद झाला. चुकीच्या कारणासाठी का होईना, कोणीतरी त्या माणसाला झापत होतं. मराठीत हलकी बाई म्हणजे काय हे सरांना कुठून माहीत असणार? ते बावचळून दोन पावलं मागे गेले.

"अरे, अरे, दामले जी! हलकी, मतलब... वज़न में हलकी. पहले भारी थी ना. मैंने ही तो कहा था आपसे जीने पर, सबसे भारी है, कुछ सोचिए. आपने सोचा! इसीलिए तो बीच में खड़ी है आज."

बाकीच्या आयांना काही कळलं नाही. त्या हिंदी मुलखातल्या, त्यांच्या दृष्टीनं सरांनी सरळ गोष्ट सरळ सांगितली होती. पण मंजूषाच्या चेहऱ्यावर मी सगळं उलटं फिरताना पाहिलं. जिना, मिलिंदला केलेला फोन, पुण्याची नणंद, हळदीकुंकू, केक. ती माझ्याकडे वळली.

"मनोरमाताई, भारी म्हणजे..."

माझ्याकडे टोमण्यांची कमी नव्हती. बिट्टन मार्केटपासूनचे साठवून ठेवले होते, एकेक धार लावून. त्यातला एकही वर येईना.

"जड," मी म्हटलं.

ती खाली बसली, मुलीच्या शेजारी, जमिनीवर. "तुला..." ती म्हणाली, "तुला हे..."

"मला माहीत होतं, आई," अदिती म्हणाली. "पहिल्यापासून."

"मग मला रोज बोलू का दिलंस?"

अदितीला धाप लागली होती, अंगरखा इतका आवळला होता, की श्वास वरच्या वर अडकत होता. मंजूषानं तिची नाडी सोडली. मग बगलेखालची शिवण बोटांनी चाचपली. ही बाई पुण्यात असताना स्वतःचे ब्लाउज स्वतः शिवायची, तेवढी एक गोष्ट तिच्याबद्दल मला आदरानं सांगता येते. तिनं शिवण उलटी केली आणि बघत राहिली.

आत कापड होतं. भरपूर, चांगलं बोटबोट दुमडून ठेवलेलं. शिंप्यानं शहाणपणानं ठेवलं होतं, पुढेमागे सैल करायला लागलं तर असावं म्हणून. त्यानंतर इतक्या वर्षांत कोणी आत डोकावलंच नव्हतं.

"हे नुसतं उसवायचं होतं," मंजूषा म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "शैलेंद्र सर, सिर्फ उसवना था. उसवना! क्या कहते हैं हिंदी में, ताई?"

"उधेड़ना," मी म्हटलं.

"दर्ज़ी को देना पड़ता," सर पुटपुटले, "फिर सबके कपड़े एक जैसे नहीं..."

तिनं त्यांचं बोलणं पूर्ण होऊ दिलं नाही. शिवण दातांत धरली आणि टचकन दोरा तोडला. मग बोटांनी वरपासून खालपर्यंत शिवण मोकळी करत गेली, एका बाजूची, मग दुसऱ्या बाजूची. जरीचा अंगरखा फटकन सैल झाला आणि अदितीनं असा मोठा श्वास घेतला, की सगळ्या मुलींनी तिच्याकडे पाहिलं. मग एकेकीनं आपापली शिवण हळूच उलटी करून बघायला सुरुवात केली.

सर ओरडले, कपडे खराब करतात म्हणून. कोणी ऐकलं नाही. मी हार्मोनियम मिटून पेटीत घातली आणि ती पेटी खाली उतरवायला दिलीपला लावलं. फुकट का होईना, एक चांगलं काम त्याच्या हातून झालं.

चौकात गाय होतीच. ती कोणाकडे न बघता सरळ अदितीकडे आली आणि तिच्या खांद्याला नाक लावून उभी राहिली. मंजूषाच्या खांद्याला डब्याची पिशवी होती. तिनं गाईकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं. जी बाई मला 'राहून राहिली'साठी भर बाजारात हसली होती, ती जवाहर चौकात उभी राहून गाईच्या कपाळावर डोकं टेकून रडली. येणारे-जाणारे भक्ती समजून बाजूनं जात होते.

त्यानंतर सगळं एका दिवसात ठीक झालं असं कोणाला वाटत असेल तर वाटो. डॉक्टरीण बाईंनी रक्त तपासलं, मिलिंदना समोर बसवून चांगलं फैलावर घेतलं, आणि त्या माणसानं पहिल्यांदाच 'बघू' म्हटलं नाही. अदितीला जेवायची भीती बसली होती. सुरुवातीला ती पोळीचा तुकडा घेऊन अशी बसायची, की आता परीक्षेचा पेपर हातात पडणार आहे. एक बाई आहेत, मनाचं बघणाऱ्या, त्यांच्याकडे ती अजून जाते. कार्यक्रम तिच्याशिवाय झाला. मध्ये कोणाला उभं केलं मला माहीत नाही आणि जाणून घ्यायची इच्छाही नाही. सरांनी नवीन लेहरेवाला ठेवला आहे म्हणे, मोबाइलवर चालणारा. त्याला डोळे नाहीत हे सरांना सोयीचं.

अदिती आता माझ्याकडे येते, तुळशीनगरला. फरशी थंड आहे, जागा थोडी आहे, खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात. मी लेहरा धरते, ती नाचते, आणि दमली की थांबते. आमच्याकडे थांबायला परवानगी आहे.

दामलेंच्या घरात तो शब्द कोणी उच्चारत नव्हतं. मंजूषाच्या तोंडी यायचा आणि ती गिळायची. साडी चांगली दिसली तरी 'छान' म्हणायची, आणि पुणेरी माणसाला भारी न म्हणता किती अडचण होते ते मी त्या दिवसांत पाहिलं. माझी मराठी धुणंही तिनं बंद केलं होतं. मला थोडं चुकल्यासारखं वाटायचं.

परवा रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. मंजूषा तव्यावर थालीपीठं लावत होती, मी आणि अदिती ओट्याजवळच पाट घेऊन बसलो होतो. अदितीनं पहिलं थालीपीठ लोण्याशी खाल्लं. सावकाश खाल्लं, पण खाल्लं. आम्ही दोघी तिच्याकडे न बघण्याची पराकाष्ठा करत होतो.

ती म्हणाली, "आई, भारी झालंय."

मंजूषाचा हात तव्यावर थांबला. थालीपीठ करपायला लागलं तरी तिला वळायचं धैर्य होईना. शेवटी मलाच विचारावं लागलं, कारण या घरात धीट माणूस मी एकटीच.

"कुठल्या भाषेत गं?"

अदितीनं बोटाला लागलेलं लोणी चाटलं.

"दोन्ही, काकू," ती म्हणाली. "आई, ते करपतंय. मला अर्धं अजून हवंय."